विजेच्या मोटारीतील धाकटी बॅटरी : शिशाची की लिथियमची?

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने बॅटरीसारख्या विषयावर लेखणी उचलावी, ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण त्या काळच्या मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभे आयुष्य डिचोलीच्या पेठेत तांदूळ, गहू व कडधान्ये ह्यांच्या गोण्यांत गेलेले. वीजशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु अलीकडे आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या दारी विजेवर चालणारी मोटार आली आहे, आणि पेडण्यापासून साखळीपर्यंत कोठेही गेले तरी एक प्रश्न हटकून कानी पडतो : "मोटारीतली छोटी बॅटरी काढून तिच्या जागी लिथियमची बसवावी काय?" विकणारा म्हणतो, आजच बसवा. जुना कारागीर म्हणतो, नावसुद्धा काढू नका. ह्या प्रश्नापायी आम्ही स्वतः दोनदा ठेच खाल्ली. पैसे गेले त्याचे दुःख नाही. पण एकदा वेळ मोठी कठीण आली होती. त्या अनुभवातून व जाणत्यांना विचारून जे समजले, ते आपणा बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आषाढातील एक पहाट

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढ लागला होता आणि पाऊस नुसता झोडपून काढीत होता. दुकानाच्या कामास टेम्पो असल्याने मोटार आठ दिवस घराजवळच्या छपराखाली उभीच होती. चार्जिंगची केबल लावलेली होती, आणि मोठ्या बॅटरीत ९२ टक्के वीज असल्याचे चिरंजीवांनी आदल्याच सायंकाळी मोबाइलवर पाहिले होते. पहाटे तीनच्या सुमारास सुनेस कळा सुरू झाल्या. दिवस भरण्यास अद्याप दोन आठवडे होते, त्यामुळे आम्ही सगळेच बेसावध. चिरंजीवांनी किल्लीचे बटण दाबले, दार उघडेना. किल्लीच्या पोटात लपविलेली साधी धातूची किल्ली काढून दार उघडले, तो आत अंधार. पडदा काळा, दिवा नाही, आवाज नाही. दोनशे किलोमीटर सहज जाता येईल एवढी वीज पोटात बाळगून ती गाडी दगडासारखी उभी!

आमचा टेम्पो त्या रात्री साखळीला होता. अखेर शेजारच्या गृहस्थांनी आपला तांदळाचा टेम्पो काढला. सून व तिची सासू पुढच्या आसनावर, चिरंजीव मागे गोण्यांवर ताडपत्री पांघरून, अशा थाटात मंडळी अस्नोड्यामार्गे म्हापशाच्या इस्पितळात पोहोचली. सूर्योदयापूर्वी नात जन्मली. माय-लेक दोघी सुखरूप. परंतु टेम्पो येईपर्यंत पागोळ्यांखाली उभे राहून काढलेला तो अर्धा तास आम्ही जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी कारागिराने मीटर लावून पाहिले. मोठी बॅटरी ठणठणीत होती. गाडीच्या नाकाडात बसविलेली बारा व्होल्टची लहान बॅटरी मात्र आठ व्होल्टांच्याही खाली उतरली होती.

कोठार आणि दिवाणजी

विजेच्या मोटारीत दोन बॅटऱ्या असतात, ही गोष्ट अनेक मालकांस ठाऊक नसते. एक थोरली, गाडीच्या तळाशी पसरलेली, बहुधा तीनशे व्होल्टांहून अधिक दाबाची. चाके फिरतात ती हिच्या जोरावर. दुसरी धाकटी, बारा व्होल्टची, साध्या मोटारीत असते तशीच. दिवे, भोंगा, पाणी पुसणारे वायपर, दारांची कुलुपे, अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या आणि गाडीतील सारे लहानमोठे संगणक हिच्यावर चालतात.

आता मुख्य मुद्दा. गाडी उभी असताना थोरल्या बॅटरीचा दाब बाहेर राहू नये, म्हणून ती आतल्या आत तोडून ठेवलेली असते. काँटॅक्टर नावाचे दणकट स्विच हे काम करतात. ते स्विच मिटविण्यासाठी, म्हणजे थोरलीला गाडीशी जोडण्यासाठी, लागणारी वीज येते धाकटीकडून. सबब धाकटी निजली की थोरली भरलेली असूनही निरुपयोगी. कोठार धान्याने गच्च भरलेले, पण किल्ल्या सांभाळणारा दिवाणजीच बेशुद्ध पडलेला, असा हा प्रकार आहे. एकदा दिवाणजीने कोठार उघडले की मग थोरली बॅटरी डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाच्या यंत्राद्वारे आपला मोठा दाब उतरवून धाकटीस वीज पुरविते. पेट्रोलच्या गाडीत हेच काम इंजिनावर फिरणारा अल्टर्नेटर करतो.

पेट्रोलच्या गाडीतील बॅटरीस इंजिन फिरविण्यासाठी क्षणभर शेकडो अँपिअर द्यावे लागतात. विजेच्या गाडीत तो धक्का नाही. म्हणून पुष्कळांस वाटते की इथे धाकटीला आरामच आहे. वस्तुतः तिचे काम हलके झालेले नाही, निराळे झाले आहे. पूर्वी ती पैलवान होती; आता ती रात्रंदिवस जागणारी पहारेकरी आहे. आणि पहारेकऱ्याची शक्ती एका धक्क्याने जात नाही, ती थेंबाथेंबाने जाते. शिसे व लिथियम ह्यांचा विचार करताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

शिशाचा स्वभाव

शिशाची बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते ह्यांनी १८५९ साली शोधून काढली. शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल. अशी सहा घरे ओळीने जोडली की बारा व्होल्टची बॅटरी होते. भरलेली व थोडा वेळ विसावलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, अर्धी रिकामी झालेली सुमारे १२.२, आणि ११.९ च्या खाली गेली की ती जवळपास संपली असे समजावे.

तिचा एक मोठा दोष असा की रिकामी राहणे तिला सोसत नाही. वीज जाता जाता पट्ट्यांवर शिशाचा एक क्षार धरतो. लगेच भरली तर तो विरघळतो. तशीच दिवसेंदिवस पडू दिली तर त्याचे कठीण खडे बनतात, आणि तेवढा भाग कायमचा वाया जातो. दमट जागी पडलेल्या तांदळास जशी आतून बुरशी लागते, आणि पोते वरून चांगले दिसूनही माल गेलेला असतो, तसेच हे आहे. उष्णता तिचा दुसरा शत्रू. बॅटरी नित्य दहाएक अंशांनी अधिक तापत राहिली तर तिचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा कारागिरांचा जुना अडाखा आहे. आपल्या कोकणपट्टीतील हवेत तीन-चार वर्षे चांगली सेवा घडली तर समाधान मानावे.

तरीही हिला हिणवण्याचे कारण नाही. ती स्वस्त आहे, खेडोपाडी मिळते, जुनी परत दिली की पैसे वजा होतात, आणि बिघडण्यापूर्वी बहुधा थोडी कुरकुर करून सूचना देते. बंगळूरची ‘रेवा’ ही चिमुकली विजेची मोटार २००१ साली बाजारात आली, तेव्हा तिची चाके फिरविणारी मुख्य बॅटरीसुद्धा शिशाचीच होती. सहा-सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्यांचा तो संच होता. लिथियमची रेवा त्यानंतर २००९ साली आली. आज मुख्य बॅटरीतून शिसे पार हद्दपार झाले आहे. पुण्याजवळील रांजणगावी बनणारी नेक्सॉन विद्युत् मोटार २०२० साली आली ती लिथियमची ३०.२ युनिट साठविणारी बॅटरी घेऊनच. मात्र बहुतेक गाड्यांत धाकटीच्या जागी शिशाने आपले ठाणे अद्याप राखले आहे.

लिथियमचा स्वभाव

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली जपानच्या सोनी कंपनीने, १९९१ साली. ह्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी गुडइनफ व त्यांचे सहकारी ह्यांनीच १९९७ साली लिथियम, लोह व फॉस्फेट ह्यांच्या संयुगाचा उपयोग जगापुढे मांडला. धाकट्या बॅटरीसाठी जी लिथियमची बॅटरी आज बाजारात विकली जाते, ती बहुतांशी ह्याच लोह-फॉस्फेट जातीची. लिथियमच्या इतर जातींच्या मानाने ती सहजासहजी पेट घेत नाही.

हिचे गुण खरे आहेत. शिशाची बॅटरी दहा-बारा किलोची असेल तर ही पाच किलोंच्या आतबाहेर. शिशाची खोलवर रिकामी केली तर काही शे वेळांत थकते. ही दोन हजार वेळाही सोसते. अर्धवट भरलेली राहिली तरी हिला बुरशी लागत नाही. हिच्यात ३.२ व्होल्टची चार घरे असतात, म्हणजे एकूण १२.८ व्होल्ट, म्हणून ती शिशाच्या जागी बसते असे दिसते. शिवाय हिच्या पेटीत एक लहानसा इलेक्ट्रॉनिक रखवालदार असतो. बीएमएस ह्या तीन अक्षरांनी तो ओळखला जातो. बॅटरी फार भरू लागली, फार रिकामी झाली, फार तापली, की हा रखवालदार तिचे दार बंद करून टाकतो.

हे सर्व विक्रेत्याच्या तोंडून ऐकल्यावर, आणि आषाढातील पहाट ताजी असल्यामुळे, आम्ही अधिक चौकशी न करता १४,५०० रुपये मोजले. त्याच मापाची शिशाची बॅटरी जुनी परत देऊन ५,२०० रुपयांस मिळत होती. पेटीवर "४० अँपिअर-तासांच्या बरोबरीची" असे छापलेले होते. "बरोबरीची" ह्या शब्दाकडे धान्याच्या व्यापाऱ्याने तरी काणाडोळा करावयास नको होता. आतली खरी भरती २० अँपिअर-तास होती.

पेडण्याच्या स्थानकावर

दोन महिने सर्व सुरळीत चालले. त्यानंतर मुंबईस जाण्यासाठी मोटार पेडणे स्थानकाजवळ उभी करून आम्ही रेल्वेने गेलो. चौथ्या दिवशी परतलो, तो पुन्हा तोच अंधार. रात्री साडेनऊची वेळ, हातात सामान, आणि सौभाग्यवतींची मुद्रा अशी, की तिचे वर्णन न केलेले बरे. मनात आले, त्या पहाटे ह्याच बॅटरीच्या भरवशावर असतो तरी हेच झाले असते.

ओळखीच्या दुकानदारांनी पेडण्याच्या बाजारातून एक तरुण वायरमन धाडला. त्याने मीटर लावले, काटा शून्यावर. आम्ही म्हणालो, "म्हणजे साडेचौदा हजार पाण्यात."

तो म्हणाला, "नाही शेट. बॅटरी मेलेली नाही. तिने आतून कडी लावून घेतली आहे."

त्याने आपल्याजवळच्या लिथियमच्या चार्जरने काही मिनिटे वीज दिली. रखवालदाराने दार उघडले, मीटर चालले, आणि गाडी जागी झाली. पैसे चुकते करताना आम्ही त्याला विचारले, की असे झाले कशामुळे? त्याने जे सांगितले, व पुढे आणखी दोघा जाणत्यांनी ज्याला दुजोरा दिला, ते ह्या लेखाचे सार आहे.

पायली तांदळाची, माल पोह्यांचा

आपल्या वाडवडिलांच्या काळी धान्य पायलीने व कुडवाने मोजले जाई. तांदळाची पायली व पोह्यांची पायली मापाने सारखी. वजनाने मात्र कोठल्या कोठे. केवळ मापाची उंची पाहून जो पोह्यांचे वजन सांगेल तो फसेल. मोटारीतील संगणकाचे नेमके हेच होते. तो बॅटरीचा दाब पाहून तिच्यात किती वीज उरली ह्याचा अदमास करतो, आणि ज्या गाडीत शिशाची बॅटरी घालून ती कारखान्यातून निघाली, तिच्या संगणकाची पायली शिशाची असते.

लिथियम लोह-फॉस्फेटचा दाब मोठा फसवा आहे. भरलेली व विसावलेली बॅटरी सुमारे १३.३ व्होल्ट दाखविते, आणि निम्मी झाली तरी १३.१ ते १३.२ च्या आसपासच राहते. १२.८ वर आली म्हणजे तिच्यात बहुधा पाचव्या हिश्शाहून अधिक काही उरलेले नसते. पुढे ती एकदम कड्यावरून कोसळावी तशी उतरते, आणि सुमारे दहा व्होल्टांवर रखवालदार कडी लावतो. आता शिशाच्या पायलीने पाहा : १२.८ म्हणजे काठोकाठ! गाडी म्हणते, कोठार भरलेले आहे. वस्तुतः तळ दिसू लागलेला असतो. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून जाग्या होऊन धाकटीस भरतात. पण त्या कधी जाग्या होतात? दाब शिशाच्या हिशेबाने खाली आला म्हणजे. तोवर लिथियमची बॅटरी रिकामी होऊन बसलेली असू शकते.

दुसरी अडचण भरण्याची. लिथियम पूर्ण भरण्यास साधारणतः १४ ते १४.६ व्होल्ट लागतात. आमच्या गाडीचा कन्व्हर्टर प्रथम तेवढा दाब देतो. पण शिशाची बॅटरी भरली असे त्यास वाटले की शिसे उकळू नये म्हणून तो १३ व्होल्टांच्या आसपास उतरतो. शिशासाठी ही काळजी योग्यच आहे. त्याच दाबावर लिथियमची मात्र अर्ध्याहून कमीच भरलेली राहते. तात्पर्य, आमच्या बॅटरीत वीस अँपिअर-तासांपैकी आठ-दहादेखील कधी टिकून राहत नव्हते.

ह्यावरून लिथियम वाईट असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. पोहे वाईट नव्हेत, पायली चुकीची. टेस्ला ह्या अमेरिकन कंपनीने २०२१ पासून आपल्या मोटारींत धाकटी बॅटरीही लिथियमची घालण्यास प्रारंभ केला. पण तिने केवळ पेटी बदलली नाही. बॅटरीचा दाब बाराऐवजी साडेपंधरा व्होल्टांच्या आसपास ठेवला, आणि भरण्याची व मोजण्याची सारी व्यवस्था तिच्याच मापाने आखली. पोर्शे कंपनीनेही २००९ साली आपल्या काही वेगवान पेट्रोल गाड्यांसाठी जादा पैसे घेऊन लिथियमची बॅटरी देण्याचे जाहीर केले, तेव्हा सोबत शिशाची नेहमीची बॅटरीही देऊ केली, जेणेकरून थंडीच्या दिवसांत ती बसविता यावी. बनविणाऱ्यांनी एवढा विचार केला. आम्ही मात्र एका दुपारच्या गप्पांत निर्णय करून मोकळे झालो.

गोणीचे भोक

परंतु खरी चूक ह्याहूनही आधीची होती. दोन्ही वेळा बॅटरी रिकामी झाली कशाने, हे आम्ही विचारलेच नव्हते. गोणीतले धान्य कमी भरले तर शहाणा व्यापारी आधी गोणी उलटीसुलटी करून भोक शोधतो. आम्ही भोक न शोधता महाग धान्य भरले.

वायरमनने दुसऱ्या दिवशी डिचोलीस येऊन गाडी बंद केली, अर्धा तास तिला निजू दिले, आणि मग प्रवाह मोजला. ०.२८ अँपिअर! काचेवर बसविलेला कॅमेरा बाहेरच्या कोणा कारागिराने थेट धाकट्या बॅटरीवर जोडला होता; तो गाडी उभी असतानाही डोळे मिटत नसे. त्याची तार सोडविताच प्रवाह ०.०३ वर आला.

ह्या दोन आकड्यांचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. गाडीची स्वतःची झोप ०.०३ अँपिअरची, म्हणजे दिवसाचे ०.७२ अँपिअर-तास, महिन्याचे सुमारे २२. चांगली ४५ अँपिअर-तासांची बॅटरी हे महिनाभर सोसेल. एकटा कॅमेरा ०.२५ अँपिअरचा; म्हणजे दिवसाचे ६ अँपिअर-तास. आठ दिवसांत ४८! चार वर्षे जुन्या, आधीच थकलेल्या शिशाच्या बॅटरीने आषाढात मान टाकली ह्यात नवल नव्हते. आणि अर्धवट भरलेली वीसची लिथियम पेडण्यास चार दिवस टिकणे शक्यच नव्हते.

दुसरे भोक आमच्या घरच्या कौतुकाचे. पाहुणे आले की चिरंजीव मोबाइलवर गाडी "दाखवीत". प्रत्येक वेळी निजलेली गाडी जागी होई, तिचे संगणक उठत, आणि पुन्हा निजेपर्यंत वीज खात. समजा पाच अँपिअर दहा मिनिटे लागले, तर ०.८ अँपिअर-तासाहून अधिक गेले. म्हणजे मोबाइलवर एकदा डोकावणे हे गाडीच्या पूर्ण दिवसाच्या झोपेहून महाग पडते! आणि त्या पहाटेच्या आदल्या सायंकाळी ९२ टक्के पाहिले, ते थोरलीचे. धाकटीचा आकडा त्या पडद्यावर नव्हताच. चार्जिंगची केबल लावलेली आहे म्हणून धाकटी भरत राहील हा भरवसाही फोल. थोरली भरून चार्जिंग थांबले की पुष्कळ गाड्या धाकटीसही भरणे थांबवितात.

जमाखर्च

आता व्यापाऱ्याच्या रीतीने जमाखर्च मांडू. शिशाची बॅटरी ५,२०० रुपयांची व चार वर्षे टिकणारी, म्हणजे वर्षास १,३०० रुपये. लिथियमची १४,५०० रुपयांची. ती अकरा वर्षे टिकली तरच बरोबरी होते. विक्रेत्याची हमी होती तीन वर्षांची. वजनाचा फायदा म्हणाल, तर चौदाशे किलोंच्या गाडीत सात किलो म्हणजे अर्धा टक्का. डिकीत विसरलेली दहा किलोंची तांदळाची पिशवी उतरवून ठेवली तरी ह्याहून अधिक भार हलका होतो.

तरीही एक बाजू न्यायाने सांगितली पाहिजे. धारगळच्या आमच्या एका स्नेह्यांनी लिथियमच बसविली आहे, आणि तीन पावसाळे ती बिनतक्रार चालली आहे. त्यांनी आधी आपली गाडी चालवून कन्व्हर्टरचा दाब तपासून घेतला. तो सतत १४ च्या आसपास राहतो अशी खात्री केली. खऱ्या ४० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. आणि कंपनीच्या सेवाकेंद्राकडून हमीबद्दल लेखी विचारणा करून मगच हात लावला. माल तोच, फरक विचारपूस केल्याचा.

यास्तव आमची सूचना अशी. सर्वप्रथम धाकट्या बॅटरीवर बसविल्याची तारीख पाहा. नसेल तर रंगाने लिहून ठेवा, आणि चौथे वर्ष संपण्याच्या आत ती बदला, मरण्याची वाट पाहू नका. महिन्यातून एकदा सकाळी दार उघडण्यापूर्वी जमल्यास मीटर लावा, किंवा कारागिराकडून लावून घ्या : शिशाची १२.५ च्या वर असेल तर उत्तम, १२.२ च्या खाली असेल तर सावध व्हा. बाहेरून बसविलेला प्रत्येक कॅमेरा, दिवा, भोंगा गाडी निजल्यावर निजतो की नाही, हे पाहा. एवढे करूनही लिथियम घ्यावीशी वाटली, तर गाडी सुरू ठेवून अर्धा-पाऊण तास दाब पाहावा. तो १३.६ ते १४.४ मध्ये टिकत असेल तर विचार करावा. १३ वर उतरत असेल किंवा १४.६ च्या वर जात असेल तर त्या गाडीत शिसेच बरे. पेटीवरील "बरोबरीची" भरती न पाहता खरी भरती विचारावी. रखवालदार किती अँपिअर घेऊ व देऊ देतो, आणि कडी लागल्यावर ती कशी उघडते, हेही विचारावे. टोकांची दिशा व पेटीचे माप जुळले पाहिजे, आणि बॅटरी पट्टीने घट्ट बसली पाहिजे. नारिंगी रंगाच्या जाड तारांस मात्र कोणीही हात लावू नये. तो थोरलीचा दाब आहे, आणि तो जीव घेतो.

घरातील प्रत्येकास, विशेषतः स्त्रियांस, तीन गोष्टी आधीच दाखवून ठेवाव्यात : वीज नसताना दार कोणत्या किल्लीने उघडते, पुढचे झाकण कसे उघडते, आणि गाडी जागी करण्यासाठी बाहेरून बारा व्होल्ट नेमके कोठे जोडावयाचे. त्यासाठी लहान पेटीएवढा जंप-पॅक बाजारात मिळतो. तो मात्र गाडीत नव्हे, घरात भरलेला ठेवावा. गाडी जागी झाली की तासभर सुरू ठेवावी, म्हणजे थोरली धाकटीस पाजते. उलट आपल्या विजेच्या मोटारीच्या धाकट्या बॅटरीवरून दुसऱ्याचा ट्रक सुरू करून देण्याचे औदार्य दाखवू नये. गाडीसोबतची पुस्तिका बहुधा त्यास स्पष्ट मनाई करते.

जुन्या बॅटरीचे काय?

जुनी बॅटरी कोठे जाते, हेही पाहणे आपले कर्तव्य आहे. शिसे हे विष आहे, आणि ते सर्वांत अधिक बाधते लहान मुलांच्या मेंदूस. जगातील सुमारे दर तिसऱ्या मुलाच्या रक्तात घातक प्रमाणात शिसे आढळते, असे युनिसेफने २०२० च्या अहवालात म्हटले होते. आणि त्याच्या कारणांत परसातल्या भट्ट्यांवर जुन्या बॅटऱ्या फोडून वितळविण्याचा उद्योग ठळकपणे नोंदला होता. आपल्या देशात बॅटऱ्यांसंबंधी २००१ साली नियम झाले, आणि त्यांच्या जागी २०२२ साली नवे अधिक व्यापक नियम आले. त्यांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देणे हे ग्राहकाचेही कर्तव्य आहे. शंभर-दोनशे रुपये अधिक मिळतात म्हणून ती दारावरच्या भंगारवाल्यास देऊ नये. नवी घेताना अधिकृत दुकानदारासच परत करावी. लिथियमची तर भंगारात मुळीच टाकू नये; चेचली गेली तर पेट घेण्याचा संभव असतो.

आमचे म्हणाल, तर आम्ही कॅमेऱ्याची तार नीट करून घेतली, मोबाइलचे कौतुक आवरले, आणि गाडीत कंपनीने सांगितलेल्या मापाची शिशाची बॅटरी परत बसविली. लिथियमची वाया गेली नाही. ती आता गुदामातील आणीबाणीच्या दिव्यावर आहे, तिच्याच मापाचा चार्जर तिला दिला आहे, आणि वीज गेली की ती इमानेइतबारे उजेड देते. योग्य जागी योग्य माप मिळाले, की माल कोणताच खोटा नसतो.

त्या पहाटे जन्मलेली नात आता तीन वर्षांची झाली आहे. मोटारीत बसली की प्रथम भोंगा वाजविते. तो वाजला की आम्ही मनाशी म्हणतो, दिवाणजी जागा आहे.